दर्याच्या कानाची किल्ली

मथुरा तांडेलच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली एक चपटी, नखाएवढी वस्तू असे. बाजारात एखादं नवखं गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, ताईत कसला हो?" तेव्हा ती पापलेट शेपटीला धरून उचलायची आणि म्हणायची, "ताईत नाय, गावाची जीभ हाय. माझ्या गळ्यात बांधलीय म्हणून कोण बडबडत नाय. घेतेस का पापलेट, का नुसतीच चौकशी?"

गिऱ्हाईक हसायचं. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

सावळबंदरच्या वाळूखालून मनगटाएवढी जाड एक केबल समुद्रात शिरते, तळाशी उतरते आणि सगळा अरबी समुद्र पार करून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोम्बासाला वर येते. तिच्या पोटात केसासारख्या बारीक काचेच्या तारा आहेत आणि त्या तारांतून प्रकाश धावतो. दोन खंडांमधली बोलणी, व्यवहार, चित्रं, भांडणं, सगळं त्या प्रकाशावर स्वार होऊन जातं. ही झाली केबलची जुनी नोकरी.

नवी नोकरी तिला मिळाली ती काचेतल्या दोषामुळे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात अतिसूक्ष्म उणिवा राहतात. पुढे धावणाऱ्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश त्यांच्यावर आपटून माघारी येतो. तो किती वेळात परतला यावरून कुठून परतला ते कळतं. समुद्रात कुठं आवाज झाला, तळ थरथरला, तर तिथली तार कणभर ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. ही लय वाचणारं यंत्र केबलच्या टोकाला बसवलं की केबलचा हातभर लांबीचा प्रत्येक तुकडा एक कान होतो. हा कान किनाऱ्यापासून जहाजांच्या वाटेच्याही पलीकडे पसरला होता, आणि त्याला झोप नव्हती.

दूर कराचीपलीकडे, मकरानच्या बाजूला समुद्रतळ हलला तर मोठी लाट कोकणात पोचण्याच्या कितीतरी आधी किनाऱ्यावरच्या केबलघरात घंटा वाजावी, एवढाच मूळ हेतू. पण कानाला निवड करता येत नाही. तो देवमासे ऐकायचा, तेलवाहू जहाजं ऐकायचा आणि सावळबंदरच्या बोटीही ऐकायचा.

हे गावाला कळलं ते तन्वी बोधनकरच्या भाबडेपणानं. तन्वी केबलघरातली इंजिनिअर, यवतमाळची. नोकरीला येईपर्यंत तिनं समुद्र फक्त चित्रात पाहिला होता. आपलं यंत्र किती हुशार आहे हे दाखवायला तिनं मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला आणि गावाला बोलावलं. "प्रत्येक इंजिनाचा आवाज वेगळा असतो," ती म्हणाली. "हे खोकणारं इंजिन मोरेश्वर तांडेलांचं. हे घोरणारं अध्यक्षांचं. आणि हे बघा, काल दिवसभर कोणती बोट कुठं होती ते."

पडद्यावर रंगीत रेषा उमटल्या. टाळ्या पडतील म्हणून तन्वी थांबली. मग सोसायटीचा अध्यक्ष धर्मा नाखवा उठला, पडद्याजवळ गेला आणि त्यानं वायर उपटून काढली.

"काय झालं, काका?" तन्वीनं विचारलं.

"पोरी," धर्मा म्हणाला, "कोणाच्या न्हाणीघरात डोकावतात का?"

सावळबंदरात प्रत्येक घराची समुद्रात एक जागा असते. पाण्याखालचा खडक, एखादी घळ, जिथं जाळं टाकलं की मासा लागतोच. बाप ती मुलाला सांगतो, तीही सगळ्या मुलांना नाही. बोटीवर सरकारनं बसवलेलं ठिकाण सांगणारं यंत्र असतं. जागेच्या जवळ आलं की बोट चालवणारा तांडेल ते बंद करतो आणि जागा सोडून लांब आल्यावर पुन्हा सुरू करतो. सगळेच करतात आणि कोणी कोणाला विचारत नाही.

पुढं महिनाभर बैठका झाल्या. केबल गावाच्या पाण्यातून जात होती, त्यामुळे गावाचा शब्द डावलता येत नव्हता. शेवटी ठरलं असं की यंत्रानं बोटींचे सगळे आवाज वेगळे काढायचे, कुलपात टाकायचे आणि आठवड्यानं पुसायचे. कुलपाला दोन किल्ल्या. एक केबलघराची, एक गावाची. तेवढ्यानं धर्माचं समाधान होईना. "उद्या किल्लीवाला एकट्यानं उघडून बघेल," तो म्हणाला. मग आणखी एक अट पडली. उघडायचंच झालं तर सोसायटीच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर आणि प्रत्येक बोटवाल्या घरातल्या एकाचा आंगठा यंत्रावर लागल्यावरच. एकमेकांवरच्या अविश्वासापायी गावानं असं कुलूप करून घेतलं की ते उघडलं तर सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसेल.

गावाची किल्ली कोणाकडे द्यायची यावरही खल झाला. बोटवाल्याकडे नको, यावर एकमत होतं. जिच्या घरात बोट नाही, जिचं काही जायचं नाही, अशा बाईकडे द्या. मथुराचा नवरा काविळीनं गेला होता, बोट विकली गेली होती, मूलबाळ नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मथुरानंही डोलावली.

तिचं जायचं काय होतं ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणात नवऱ्यानं तिला आपली जागा सांगितली होती. कोळणी बोटीवर जात नाहीत, त्यामुळे ती जागा तिनं डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. ओळखायच्या दोन खुणा, पाण्याखालचा खडक आणि तिथं तांबोशी या लाल माशाचं घर, एवढंच तिला माहीत. दिराच्या मुलाला, मोरेश्वरला म्हणजे मोरूला, तिनं ती सांगितली आणि त्याबद्दल मोरू प्रत्येक खेपेला तांबोशीची एक टोपली तिच्या मागच्या दारी ठेवून जायचा. त्या टोपलीवर तिचं चाले. दिराला, गजाननला, यातलं काही माहीत नव्हतं. मोरूनं बापाला सांगायचं नाही, अशी तिनं शपथच घातली होती.

किल्ली गळ्यात आली आणि लोक बदलले. लिंबू मागितलं तरी मोजून देणाऱ्या बायका घरी पुरणपोळ्या घेऊन येऊ लागल्या. एकेक नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, संध्याकाळी सहज म्हणून ओट्यावर बसायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि उठताना हळूच म्हणायचा, "आमच्या जागेवर कोण येतं का, तेवढं कळलं असतं तर..." मथुरा म्हणायची, "चहा झाला ना पिऊन? मग ऊठ." बाजारात शेजारी बसणारी सखूसुद्धा हल्ली तिच्याशी जपून बोलायची. मथुराला याचं फारसं वाईट वाटलं नाही. आपल्यावर अख्खं गाव टेकलेलं आहे, ही गोष्ट तिला मनातून आवडायची.

मग माघातल्या एका संध्याकाळी मोरूची बोट परतली नाही.

बोटीवर मोरू आणि तिघे खलाशी. ठिकाण सांगणारं यंत्र नेहमीच्या जागी बंद झालेलं, त्यापुढं काहीच नाही. पहाटे मथुरा दिराच्या दारात गेली आणि तिनं जागा सांगून टाकली.

"भावानं मला नाय सांगितली," गजानन म्हणाला. "तूबी नाय. माझ्या पोराला सांगितलीस."

"तू सगळ्या गावाला सांगितली असतीस, भाऊजी."

"असतीच," गजानन म्हणाला आणि बोटीकडे धावला.

तो उन्हं चढल्यावर परतला. जागेवर जाळ्याचा दोर तुटलेला मिळाला. बोट नव्हती. इंजिन बंद पडलं असावं, बॅटरीत पाणी गेलं असावं आणि ओहोटीबरोबर बोट बाहेर ओढली गेली असावी. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर सकाळपासून फिरत होतं, पण रंग उडालेली एक लाकडी बोट एवढ्या पाण्यात दिसायची कशी? वारा जमिनीकडून होता. तो त्यांना जहाजांच्या वाटेकडे नेत होता. अंधार पडल्यावर तिथं एखाद्या तेलवाहू जहाजाला समोर बोट असल्याचं कळणारही नव्हतं.

मथुरा केबलघरात गेली. तन्वी तिथं डोकं धरून बसली होती.

"तुझ्या कानाला ऐकू येत असंल ना?"

"आलंच असेल, मावशी. पण बोटीचा म्हणून जो आवाज असेल तो यंत्र कुलपात टाकून राहिलं आहे. इंजिन बंद असलं तरी ते लोक काहीतरी वाजवत असतील, आपटत असतील. तेही कुलपात. मी माझी किल्ली लावून बसले आहे केव्हाची."

मथुरानं गळ्यातला दोरा चाचपला. कुलूप उघडलं की पडद्यावर मोरूची रेषा दिसणार, आठवडाभर रोज त्याच खडकावर. गजाननला कळलंच होतं, आता गावाला कळणार. जागा जाणार, टोपली जाणार आणि जिचं काही जायचं नाही ती बाई म्हणून मिळालेला मानही जाणार. हेलिकॉप्टर काहीतरी शोधून काढील या आशेवर ती सकाळभर थांबली होती हे तिनं स्वतःशी कबूल केलं. त्यापुढं ती थांबली नाही.

"हॉलमध्ये यंत्र लाव," ती म्हणाली. "मी माणसं आणते."

हॉलची घंटा वाजली. आले फक्त गजानन, खलाशांच्या घरचे लोक आणि दोन म्हातारे. बाकी दारं लोटलेली. मथुरा धर्मा नाखव्याच्या घरी गेली. तो ओट्यावरच होता, त्याचाही चेहरा उतरलेला.

"चल, आंगठा लाव."

"हेलिकॉप्टर फिरतंय ना, मथुरे? जरा दम धर."

"दम धरून त्यांची बोट जहाजाखाली गेली तर?"

"मी काय राक्षस हाय का?" धर्मा चिडला. "माझी दुसरी बोट गेलीय शोधायला. पण पडदा उघडला की उद्या समुद्रात कुऱ्हाडी निघतील. कोण कोणाच्या जागेवर चोरून जातो ते दिसेल. चौघांना वाचवायचं आणि दहा डोकी फोडायची? एकेका घरानं पिढ्यान् पिढ्या जपलेलं हाय ते. तुझं काय जातंय? तुला सोपं हाय उघड म्हणायला."

मथुरा वळली, गल्लीच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि ज्या आवाजात तिनं आयुष्यभर मासळी विकली त्या आवाजात ओरडली:

"जागा घ्या, जागा! माझ्या मालकाची जागा! खडकावरची तांबोशी, रोज ताजी! आज गावाला फुकट!"

एक खिडकी उघडली. मग दुसरी.

"पहिली खूण ऐका! दीपगृहाचा दिवा मागच्या डोंगराच्या खिंडीत बसवा आणि तसेच सरळ बाहेर चला! त्या रेषेवर हाय माझी जागा! मोरू तिथंच जातो, मीच पाठवते!"

समुद्रातली जागा दोन खुणांनी बांधलेली असते. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकापुढे एक आल्या की एक रेषा मिळते. आणखी दोन वस्तू जुळल्या की दुसरी. या दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं मासा. एकच खूण कळलेला माणूस त्या रेषेवर जन्मभर जाळं टाकत हिंडला तरी त्याला खडक सापडेलच असं नाही. हे सावळबंदरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"आणि दुसरी?" कोणीतरी माडीवरून विचारलं.

"दुसरी सोसायटीच्या हॉलमध्ये! आंगठा लावील त्याला! एक जरी घर कमी असलं तरी नाय सांगणार!"

"वेड लागलं का गो तुला?" धर्मा ओट्यावरून उठला.

"वेड लागलं असतं तर दोन्ही सांगितल्या असत्या," मथुरा म्हणाली आणि पुढच्या गल्लीत शिरली.

दारं उघडू लागली. कोणी मोरूच्या काळजीनं आलं, कोणी लाजेनं. बरेच जण दुसऱ्या खुणेसाठी आले, आणि मथुराला त्याची काही हरकत नव्हती. पाटीभोवती गिऱ्हाईक कशासाठी जमतं याची तिनं कधी फिकीर केली नव्हती. ज्यांची घरं अजून बंद होती त्यांना आता शेजारीच ओढून आणत होते. "तुझ्या एका आंगठ्यापायी आमची खूण अडलीय, चल!"

हॉल भरला. आंगठे लागत गेले. शेवटी धर्मा राहिला.

"आधी खूण सांग."

"आधी आंगठा लाव."

"आणि मग तू तोंड फिरवलंस तर?"

"इतकी वर्षं मासळी विकते. शिळी कधी ताजी म्हणून विकली?"

"एकदा विकलीस," मागून सखूचा आवाज आला. "बोंबील."

"ते तूच घेतलेस, अर्ध्या पैशात. वर दोन जास्त मागून घेतलेस."

हॉल हसला. धर्मालाही हसू आवरेना. त्यानं धोतराला हात पुसला आणि आंगठा टेकवला.

मथुरानं दुसरी खूण सांगितली. दक्षिणेच्या सिमेंट कारखान्याची चिमणी, तिच्या मागं टेकडीचा तुटका कडा. नवऱ्यानं सांगितली होती तशीच, एका शब्दाचाही फेरफार न करता. लोक ओठ हलवत पाठ करत होते. त्यांच्याकडे न पाहता तिनं गळ्यातली किल्ली काढून यंत्रात घातली.

पडद्यावर आठवडाभराच्या रेषा पसरल्या. कोणी कोणाकडे बघेना. दोन सख्खे भाऊ एकाच वेळी उभे राहिले, कारण दोघांच्याही रेषा रोज एकमेकांच्या जागेवर जात होत्या. ते पुन्हा खाली बसले.

"इंजिनांचे आवाज काढून टाकते," तन्वी म्हणाली. "उरेल ते ऐकू."

घरघर विरत गेली. जहाजांची दूरची गुणगुण राहिली. तीही तिनं काढली. मग त्या पोकळीत, अगदी बारीक, ठक. थोड्या वेळानं पुन्हा ठक, ठक. मध्येच थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

गजानन ताडकन उठला. "तळाच्या फळीवर वल्हं आपटतायत. आमची सगळी माणसं असंच करतात, बोट हरवली की."

"काल संध्याकाळपासून चालू आहे," तन्वी आकडे वाचता वाचता म्हणाली. "यंत्रानं ऐकलं होतं सगळं. बोटीचा आवाज म्हणून नीट ठेवून दिलं." केबलच्या कुठल्या तुकड्यावर ठोका आधी पोचला आणि कुठल्या तुकड्यावर नंतर, यावरून तिनं ठिकाण काढलं. नैऋत्येला, जहाजांच्या वाटेच्या अगदी काठावर. एका हातात फोन धरून ती तटरक्षक दलाला आकडे सांगू लागली. दुसऱ्या हातानं तिनं पडद्यावर बोट टेकवलं. तेवढं पुरेसं होतं. हॉल रिकामा झाला. सगळ्यांत पुढं धर्माची घोरणारी बोट होती.

सूर्य टेकायच्या सुमाराला ते चौघे किनाऱ्यावर उतरले. ओठ फुटलेले, हात सोललेले. मोरू वाळूत बसला आणि मथुराकडे बघून म्हणाला, "काकी, वाटेत सगळे त्या खुणा पाठ करत होते. जागा गेली."

"गेली. आता वल्ही मारायला शिकलास तसा नवी शोधायला शीक."

त्या पडद्यानं गावात व्हायचं ते झालं. ते दोन भाऊ महिनाभर बोलले नाहीत. एका ठिकाणी जाळी कापली गेली. कुऱ्हाडी मात्र निघाल्या नाहीत. प्रत्येकाचं काही ना काही उघडं पडलं होतं, त्यामुळे ओरडायचं कोणी हा प्रश्नच होता. सोसायटीच्या सभेत किल्लीचा विषय आला.

"जिचं काही जायचं नाय म्हणून दिली," धर्मा म्हणाला, "आणि हिचंच सगळ्यांत जास्त निघालं."

मथुरानं दोरा काढून टेबलावर ठेवला. "घ्या. कोणाला देता?"

नावं निघाली. एकाचा जावई बोटवाला, दुसरीचा भाऊ नाखवा. मग एक नाव असं निघालं की ज्याचं खरोखरच कोणी नव्हतं आणि काहीच नव्हतं.

"त्याला नका देऊ," सखू म्हणाली. "त्याचं काही जात नाय. तो रोज उघडायची घंटा वाजवील, गंमत म्हणून. हिला माहीत होतं काय जाणार ते. म्हणून हिनं दुपारपर्यंत उघडलं नाय आणि म्हणूनच हिनं उघडलेलं मला पटलं."

मग धर्मानंच दोरा उचलून मथुराच्या पुढ्यात सरकवला.

दुसऱ्या आठवड्यात लिलावाच्या वेळी धर्माची बोट लागली. खलाशांनी टोपल्या उतरवल्या. बाजूच्या बोटींतून बोंबील, मांदेली आणि कोळंबी येत होती. धर्माच्या टोपल्यांतून लालभडक तांबोशी ओसंडत होती. सगळ्या बायकांनी ती पाहिली आणि सगळ्यांनी मथुराकडे पाहिलं.

मथुरा आपली रिकामी टोपली घेऊन आली आणि धर्माच्या पायाशी ठेवली.

"हे काय?" धर्मा म्हणाला.

"वाटा."

"कसला वाटा गो? जागा तू सगळ्या गावाला दिलीस. सगळ्यांनी ऐकलंय. फुकट म्हणालीस."

"जागा दिली. वाटा दिला असं कधी म्हणाले? बोलव कोणालाबी, विचार." ती मागं वळली. "सखू, वाट्याचं काय बोलले का गं मी?"

"एक शब्द नाय," सखू म्हणाली.

"आणि मी नाय दिला तर?"

"नको देऊस. त्या खडकावर जाणारी प्रत्येक बोट तांबोशी घेऊन याच धक्क्याला लागणार, आणि मी रोज इथंच बसणार. तुझ्याकडून नाय मिळाला तर धर्मानं दिला नाय असं सांगून दुसऱ्याकडे मागीन."

बायका हसू दाबत होत्या. एका खलाशानं तोंड फिरवलं. मग धर्मा खाली वाकला, त्यानं दोन लहान तांबोश्या उचलल्या, थांबला, त्या परत ठेवल्या आणि सगळ्यांत मोठी उचलून तिच्या टोपलीत टाकली.

"अजून," मथुरा म्हणाली.